गाडीच्या पुढच्या काचेची सुटलेली पट्टी : मृगाआधी उरकण्याचे काम



खत, बियाणे, कीड आणि रोग यांच्या पत्रांमध्ये अधूनमधून एखादे पत्र वेगळेच निघते. "साहेब, आमच्या टेम्पोच्या पुढच्या काचेभोवतीची काळी पट्टी वरच्या अंगाला सुटली आहे. वारं लागलं की फडफडते. काय लावावं?" असा प्रश्न या हंगामात एकापेक्षा जास्त जणांनी विचारला. हा काही पिकाचा प्रश्न नव्हे, म्हणून पत्र बाजूला ठेवता आले असते. पण माल शेतात पिकला म्हणजे काम संपले असे होत नाही, तो मंडईत वेळेवर पोचला तर त्याचा पैसा होतो. आणि या सुटलेल्या पट्टीपायी माल वाटेत अडकलेला मी स्वतः पाहिला आहे.

२०२२ सालच्या जुलैतली गोष्ट. ओतूरकडच्या एका शेतकऱ्याबरोबर मी त्याच्या टेम्पोतून कल्याणला निघालो होतो. मागे कोथिंबिरीच्या जुड्या, ताडपत्री घट्ट बांधलेली. काचेच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात पट्टी वीतभर लोंबत होती. मी विचारले तर म्हणाला, "दिवाळीपासून तशीच आहे. गळत नाही." खरेच गळत नव्हते, कारण दिवाळीनंतर पाऊसच झाला नव्हता! माळशेज घाट लागला, धुके आणि पाऊस एकदमच आले. अर्ध्या घाटात वायपर थांबला आणि थोड्याच वेळात पुढचे दोन्ही दिवे गेले. कोपऱ्यातून शिरलेले पाणी खांबाच्या आतून उतरत थेट फ्यूजच्या डबीवर पडत होते. रात्रभर आम्ही रस्त्याच्या कडेला, डोंगराखाली बसून राहिलो. मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला मोबाईलची बॅटरी हलवून दाखवायची, एवढेच काम. उजाडल्यावर गाडी निघाली, कल्याणला पोचलो तेव्हा लिलाव उरकले होते. कोथिंबीर आतून तापून पिवळी पडलेली. दोन महिन्यांची मेहनत आणि कारण काय, तर वीतभर पट्टी.

म्हणून या वेळच्या पत्रिकेत हीच माहिती सविस्तर देत आहोत.

आधी काच कशी बसवली आहे ते ओळखा

पुढची काच गाडीला दोन प्रकारांनी बसवतात. हे ओळखल्याशिवाय हातात काहीच धरू नका, कारण एका प्रकारात घरी दुरुस्ती करता येते आणि दुसऱ्यात बहुतेक काम जाणत्या माणसाचे असते.

पहिला प्रकार रबरात बसवलेल्या काचेचा. जुन्या जीपा, बरेचसे टेम्पो आणि मालट्रक, ट्रॅक्टरच्या केबिन यांना हा असतो. काचेभोवती अंगठ्याएवढ्या रुंदीचे काळे रबर बाहेरून दिसते आणि आतूनही दिसते. या रबराला दोन खोबणी असतात. एका खोबणीत पत्र्याची कड शिरते, दुसरीत काच. म्हणजे काच पत्र्याला कोठेच चिकटलेली नसते, रबरच तिला धरून ठेवते. कित्येक गाड्यांत या रबराच्या तोंडावर आणखी एक बारीक खोबण असते आणि तिच्यात एक वेगळी पट्टी ठोकून बसवलेली असते. दुकानदार हिला कोणी फिलर म्हणतात, कोणी लॉक पट्टी. ही पट्टी शोभेची वाटते, पण तसे नाही. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर मारली म्हणजे दांडा कसा फुगून घट्ट बसतो, तसेच ही पट्टी रबर फुगवून त्याला काचेवर आणि पत्र्यावर दाबते. पाचर निघाली तर कुऱ्हाडीचे जे होते तेच काचेचे होते.

दुसरा प्रकार चिकटवलेल्या काचेचा. अलीकडच्या गाड्यांना बहुधा हाच असतो. यात काच पॉलियुरेथेन नावाच्या दमदार चिकट मसाल्याने पत्र्याला कायमची जोडलेली असते. ओळखण्याची खूण म्हणजे काचेच्या कडेने आतून काळा रंगाचा पट्टा आणि त्याला लागून बारीक काळे ठिपके. बाहेरची पट्टी येथे फट झाकते, पाणी वळवते, वारा शिट्टी वाजवू नये हे पाहते. ती सुटली म्हणून काच लगेच सुटत नाही. मात्र खाली मसाला उघडा पडून त्याच्यावर ऊन लागते, फटीत माती साठते आणि पत्रा गंजायला सुरुवात होते. तेव्हा "शोभेचीच आहे" म्हणून सोडून देणे यातही बरे नाही.

पट्टी सुटते का?

पहिला गुन्हेगार ऊन. रबर बारा महिने उन्हात तापते, हवेतला ओझोन वायू त्याला भेगा पाडतो, मऊपणा जातो आणि ते आखडते. आखडले की सांध्यावर फट पडते आणि कोपऱ्यात पट्टी वर उचलते. तुम्ही पाहाल तर बहुतेक गाड्यांत सुरुवात वरच्या कोपऱ्यातूनच झालेली असते.

दुसरे कारण आपल्याच हाताचे. गाडी धुतल्यावर रबर काळेभोर चमकावे म्हणून डिझेल किंवा जळके ऑइल पुसण्याची खोड पुष्कळ चालकांना असते. चमक येते खरी, पण तेल शोषून रबर फुगते, पिठूळ होते आणि पुढे त्याची पकडच जाते. फवारणीचे खनिज तेल सांडले तरी तेच. रबराला तेल हे औषध नाही, विष आहे. साबणाचे पाणी पुरे, आणि फारच वाटले तर थोडे ग्लिसरीन.

तिसरे कारण मोठे मजेचे आहे. दसऱ्याला आपण झेंडूचे तोरण गाडीला बांधतो आणि तोरणाची तार खोचतो कोठे, तर नेमकी याच पट्टीखाली. लग्नाच्या गाडीचेही तसेच. तारेने पट्टी उचलली जाते, आणि पाकळ्या खोबणीत कुजून तेथे महिनोन्महिने ओल धरतात. पूजा करू नका असे कोण म्हणेल? पण तार आरशाच्या दांडीला किंवा बंपरला बांधा.

याशिवाय टपावर माल लादून दोर काचेच्या वरच्या कडेवरून ओढणे, ताडपत्रीचे टोक त्या कडेवर फडफडत राहणे, आणि वायपर बसवताना पट्टीला पेच लागणे, ही कारणेही आहेत. खताची वाहतूक करणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे एक प्रकारचे क्षारच. त्याची धूळ फटीत बसली आणि हवेतली ओल तिने ओढली की पत्रा झपाट्याने गंजतो. गंज मूळ पत्र्यापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो आतून पट्टीला वर ढकलतो. अशा ठिकाणी वरून कितीही चिकटवा, पट्टी पुन्हा उठणारच.

तपासणी

काम सकाळी गाडी थंड असताना सुरू करा. प्रथम केबिनच्या आत बसून काचेला तळहाताने हलकेच बाहेर दाबून पाहा, चारी कोपऱ्यांत. काच जरादेखील हलली, तर घरगुती दुरुस्तीचा विषय संपला. गाडी लांब न नेता फिटरला बोलवा. काच हलली नाही, तर पोस्टकार्डासारखा जाड कागद घेऊन रबर आणि काच यांमध्ये सरकवत चला. जेथे कागद आडकाठीशिवाय आत जातो तेथे खडूने खूण करा.

मग पाण्याची परीक्षा. एकाने आत बसायचे, डॅशबोर्डवर आणि दोन्ही खांबांच्या पायथ्याशी वर्तमानपत्राचे कागद पसरायचे. दुसऱ्याने बाहेरून साध्या नळीने, धार न मारता, पाणी सोडायचे. सुरुवात खालच्या कडेपासून करा, काही मिनिटे थांबा, मग बाजू, आणि शेवटी वरची कड. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळत सगळीकडेच जाते आणि कोठून आत शिरले ते कळत नाही. गळती जेथे टपकते तेथेच भोक असते असे समजू नका. छपराचे पाणीसुद्धा वाशावरून दहा हात वाहत जाऊन भलतीकडेच टपकते, तसेच हे. सर्व्हिसिंगच्या यंत्राची जोरदार धार मात्र या कामाला अजिबात वापरू नका, ती चांगली पट्टीसुद्धा उचलते.

गंज आहे का हे पाहण्यासाठी रबराचा बाहेरचा ओठ बोटाने थोडा उचला. आत नुसती माती असेल तर ठीक. तांबडी पूड हाताला आली, किंवा रंगाला फोड आलेले दिसले, तर त्यावर पुढे सांगितलेला उपाय करावा लागेल.

रबरातली काच : लॉक पट्टी पुन्हा बसवणे

हे काम दोघांनी, दुपारच्या उन्हात करावे. ऊन लागले की रबर नरम पडते. थंडीच्या दिवसांत पट्टी कोमट पाण्यात घालून ठेवावी.

सुटलेला भाग संपूर्ण बाहेर काढा आणि खोबण जुन्या दातघासणीने, साबणाच्या पाण्याने स्वच्छ करा. खोबणीत एक खडा राहिला तरी पट्टी त्या जागी उठून बसते. धुऊन झाल्यावर खोबण आणि पट्टी दोन्ही पाहा. पट्टी वाळलेल्या चामड्यासारखी कडक झाली असेल, वाकवताच तडे जात असतील, तर तिच्यावर वेळ घालवू नका. मोटारीच्या रबराच्या दुकानात ही पट्टी मापाने मिळते. जुन्या पट्टीचा वीतभर तुकडा नमुन्याला घेऊन जा, कारण रुंदी थोडी कमी-जास्त झाली तरी ती बसत नाही किंवा बसून राहत नाही.

आता खोबणीत साबणाचे पाणी सोडा. खोबणीचे ओठ बाजूला धरण्यासाठी फिटरकडे खास आकडा असतो. आपल्याकडे नसेल तर बांबूची गुळगुळीत तासलेली चपटी कामटी किंवा चमच्याचा दांडा चालतो. स्क्रू-ड्रायव्हर नको म्हणजे नको. काचेचा मधला भाग पुष्कळ सोसतो, पण कडेला लोखंडाचे टोक नुसते टेकले तरी कपची उडते, आणि आज दिसेनाशी असलेली कपची दोन दिवसांनी खड्ड्यातून गाडी गेली की काचभर तडा होऊन दिसते. एकाने कामटीने ओठ उघडत पुढे सरकायचे, दुसऱ्याने मागोमाग पट्टी अंगठ्याने दाबत यायचे.

येथे सगळे जण एक चूक करतात. पट्टी हाताने ताणत ताणत बसवतात. बसताना ती छान बसते, पण ताणलेले रबर चार दिवसांत मूळ लांबीवर येते आणि सांध्यावर बोटभर फट उघडते. म्हणून पट्टी न ताणता, उलट थोडी मागे दाबत, म्हणजे चेपत बसवा. नवी पट्टी कापताना बोटाच्या एका पेराएवढी जास्त ठेवा आणि शेवटी ती दोन्हीकडून दाबून सांधा बंद करा. सांधा कोपऱ्यात येऊ देऊ नका, सरळ भागाच्या मध्यावर घ्या. जुनीच पट्टी आखडून कमी पडत असेल तर ताणण्यापेक्षा मध्ये तुकडा घातलेला बरा.

पट्टी बसल्यावरही जेथे कागद आत जात होता तेथे सीलंट लागेल. काचेच्या रबरासाठी न वाळणारे, मऊ राहणारे सीलंट मिळते, तेच मागा. नळीचे तोंड रबराच्या ओठाखाली घालून बारीक रेघ आत सोडा, वरून थापू नका. रबर आणि काच यांच्यामध्ये एकदा, रबर आणि पत्रा यांच्यामध्ये एकदा. रस्त्याकडेच्या दुकानात बाथरूमच्या फरशीला लावायचे सिलिकॉन स्वस्तात मिळते आणि पुष्कळ जण तेच मारतात. लावताना शिरक्यासारखा आंबट वास आला तर समजा की ते वाळताना आम्ल सोडते. उघड्या पत्र्याला ते गंज आणते, शिवाय पुढे दुसरे कोणतेही सीलंट त्या जागी धरत नाही. झटपट चिकटणारा पातळ डिंकही येथे कामाचा नाही. तो दगडासारखा वाळतो, गाडी हादरली की तुटतो आणि तुटताना रबराची साल घेऊन जातो.

चिकटवलेली काच : बाहेरची पट्टी

येथे पट्टी दोन प्रकारे धरलेली असते, क्लिपांनी किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोमच्या टेपने. एका टोकाला किंचित उचलून पाहिले की कळते. क्लिपांची असेल तर ओढण्याआधी क्लिपा विकत आणून ठेवा. जुनी क्लिप काढताना तुटणार हे धरूनच चालावे. क्लिपा मोजून घ्या, एखादी आत पडली तर शोधून काढा, नाहीतर ती पाण्याची वाट अडवते. लोखंडी पात्याऐवजी प्लॅस्टिकची पाचर वापरा. आतल्या बाजूच्या खांबावर एअरबॅगची खूण असेल तर ते आवरण मुळीच उघडू नका, ते काम कंपनीच्या माणसाचे.

टेपची पट्टी असेल तर सारी मदार स्वच्छतेवर आहे. जुन्या टेपमधून मजबूत दोरा करवतीसारखा ओढला की पट्टी मोकळी होते. राहिलेला फोम अंगठ्याने चोळून काढा. मग पट्टी आणि गाडीची कड दोन्ही साबणाने धुवा, कोरडी करा आणि शेवटी दवाखान्यात सुई टोचण्याआधी लावतात त्या स्पिरिटने पुसा. पुसल्यावर बोट लावू नका, बोटाचे तेल पुरेसे असते. टेप मोटारीच्या बाहेरच्या पट्ट्यांसाठी असलेलीच घ्या. कागद सोलत सोलत पट्टी बसवा आणि प्रत्येक वीत जोराने दाबा. पूर्ण पकड यायला निदान एक दिवस लागतो, तोवर गाडी धुऊ नका, भर पावसात नेऊ नका. घाईने संध्याकाळी चिकटवून पहाटे मंडई गाठली तर पट्टी वाटेत पडणार.

पट्टीखालचा काळा मसालाच काचेपासून सुटलेला दिसला तर मात्र थांबा. ही काच गाडीच्या सांगाड्याला ताकद देते, आणि काही गाड्यांत पुढे बसणाऱ्याची एअरबॅग फुगताना हिच्यावरच टेकते. ती पुन्हा चिकटवण्याचे काम जाणत्याकडूनच करून घ्यावे. नवा मसाला किती तासांनी गाडी चालवण्याइतका पक्का होईल ते त्याला विचारून घ्या, आणि तेवढा वेळ दारे धाडकन लावू नका, एक खिडकी थोडी उघडी ठेवा.

पत्रा गंजला असेल तर

गंजावर सीलंट मारणे म्हणजे किडलेल्या बुंध्याला चुना लावणे. बाहेरून पांढरे दिसते, आत पोखरणे चालूच. रबरातली काच असेल तर काच उतरवून पत्र्याची कड तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासायची, गंजविरोधी प्रायमर, त्यावर रंग, आणि रंग पूर्ण वाळल्यावरच काच परत. भोक पडले असेल तर वेल्डिंग, तेही काच बाहेर असतानाच. काच परत बसवताना फिटर रबराच्या आतल्या खोबणीत सुतळी घालतो, काच बाहेरून टेकवतो आणि आतून सुतळी हळूहळू ओढतो. त्यासरशी रबराचा ओठ पत्र्यावरून आत येतो. हे काम जवळ उभे राहून पाहा. सुतळीऐवजी कोणी लोखंडी पट्टीने काच रेटू लागला, तर त्याला तिथेच थांबवा. काच तुमची आहे.

वाटेतच सुटली तर

गाडी बाजूला घ्या. पट्टी अर्धवट लोंबत ठेवून कधीही पुढे जाऊ नका. ती वायपरमध्ये अडकते, नाहीतर उडून मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर बसते. शोभेची पट्टी असेल तर पुरी काढून केबिनमध्ये ठेवा. लॉक पट्टी असेल तर जमेल तेवढी परत दाबा आणि त्यावर रुंद चिकटपट्टी मारा. चिकटपट्टी कोरड्या जागेवर लावायची, वरच्या कडेची टपाच्या बाजूने काचेकडे उतरती, चालकाच्या नजरेआड काही येऊ न देता. अर्ध्याहून अधिक पट्टी निघाली असेल आणि काच हलत असेल तर माल दुसऱ्या गाडीत भरा. भाडे गेले तरी चालेल.

रोहिणी नक्षत्रात औजारांची डागडुजी करतोच, त्याच दिवसांत एक दुपार या कामाला द्यावी. पुढे पेरणी सुरू झाली की गाडीकडे पाहायला कोणाला सवड?

ज्यांच्या गाडीला हे करूनही पाणी येते त्यांनी पत्र लिहावे. पत्रात गाडी कोणती, काच रबरात की चिकटवलेली, कागद कोणत्या कोपऱ्यात आत जातो आणि पाण्याच्या परीक्षेत पहिला थेंब कोठे पडला, एवढे जरूर कळवावे.